वहिनींचे तीन दिवस

“कुंदा, मी बाजूला झाले गं,” मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून वहिनी म्हणाल्या.

सकाळचे सहा वाजले होते. चुलीवर आधण चढलेलं, पातेल्यात हरभऱ्याची डाळ भिजलेली, आणि अंगणात आदल्या संध्याकाळी उतरलेल्या पाहुण्यांची तोंडं धुण्याची गडबड. वार गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे चाळीस पानं उठायची.

“आज?” मी म्हटलं. “अहो, आज गुरुवार आहे!”

“मग? वार बघून येतं की काय ते?” वहिनी म्हणाल्या. “पुरणात जायफळ बेतानं घाल. गेल्या वेळी कडू झालं होतं म्हणे.”

एवढं सांगून त्या गोठ्याशेजारच्या खोलीकडे गेल्यासुद्धा. गेली वेळ म्हणजे बारा दिवसांपूर्वीची. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मी मोजत होते.

ही गोष्ट शहात्तर सालातली. माझं लग्न होऊन सात-आठ महिने झाले होते. सासर कृष्णाकाठी, देवस्थानाच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना माझ्याबद्दल बोलायला आधीच पुष्कळ आहे. घरात पौरोहित्य. बाहेरगावचे यजमान अभिषेकाला यायचे, आमच्याकडे उतरायचे, आणि सोवळ्यातला नैवेद्य देवळात गेला की आमच्या पडवीत जेवायचे. एरवी पंधरा-वीस पानं, गुरुवारी आणि पौर्णिमेला चाळीस. हे सगळं माझ्या थोरल्या जाऊबाई, द्वारकावहिनी, पंचवीस वर्षं रांधत होत्या. सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. त्यांचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या ओसरीवरच्या खाटेवर बसून फक्त सूचना द्यायच्या. वहिनींच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. थोरले दीर वामनदादा पूजा सांगायचे आणि माझे यजमान श्रीपाद तालुक्याच्या गावी नोकरीला सायकलवरून जायचे.

मी सांगलीची. बी.एस्सी. झालेली आणि त्याचा भलताच तोरा असलेली. आमच्या माहेरी शिवाशीव वगैरे काही नव्हतं. इथे मात्र पाळीचे तीन दिवस बाईनं स्वयंपाकघरात, देवघरात पाऊल टाकायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, मागच्या खोलीत बसायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. माझ्यावर ती वेळ आली की अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. कुणीतरी लांबून ताट सरकवणार, मी ते ओढून घेणार. पहिल्या खेपेला तर मी रडले होते.

वहिनींना बाजूला बसायचं झालं की तीन दिवस स्वयंपाकघर माझ्या गळ्यात. पूर्वी गल्लीतल्या यमुनाकाकू येऊन रांधून द्यायच्या, पण मी आल्यावर त्या मुलाकडे पुण्याला निघून गेल्या. चाळीस माणसांचा भात कसा उपसतात हे मला ना कॉलेजात शिकवलं होतं ना आईनं. पोटऱ्या दुखायच्या, डोळे धुरानं सुजायचे, आणि दुपारी तीनच्या आत पोटात घास जायचा नाही. तीन दिवसांत माझी ही गत. उरलेले सत्तावीस दिवस वहिनी हेच करतात, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला असता तर बरं झालं असतं. मी विचार केला तो वेगळाच. महिन्यातून दोनदा? हे कसं काय?

त्या गुरुवारी पानं उठल्यावर मी वहिनींचं ताट घेऊन मागे गेले. खोलीचं दार उघडंच होतं. वहिनी घोंगडीवर पाय पसरून सागरगोटे खेळत होत्या. एकट्याच. पाच गोटे वर उडवून चार झेलले, पाचवा गडगडत कोपऱ्यात गेला, आणि त्या हसल्या. मोठ्यांदा, अगदी खळखळून. स्वयंपाकघरात त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथे त्यांचा चेहरा पुसून ठेवलेल्या पाटीसारखा असायचा.

“झोप झाली का?” मी जरा कुसकेपणानंच विचारलं.

“दोनदा,” त्या म्हणाल्या. “सकाळी एकदा आणि आत्ता देवळात घंटा व्हायच्या आधी एकदा. पुरण कडू नाही ना झालं?”

“नाही.”

“बघ, शिकलीस.”

उशाशी पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. वहिनींचे वडील देवरुखजवळच्या खेड्यात राहायचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. दर महिन्याला न चुकता त्यांचं कार्ड यायचं. वहिनी ते आल्याबरोबर वाचायच्या नाहीत. पदरात बांधून ठेवायच्या आणि बाजूला बसल्या की वाचायच्या. अक्षर मोत्यासारखं. पाऊसपाणी, गाय व्याली, आंब्याला मोहोर बरा आहे, असली बातमी, आणि शेवटची ओळ दर वेळी एकच: ‘द्वारके, जरा बसत जा.’

“वहिनी, तुम्हाला राग नाही येत?” मी विचारलं. “हे असं बाजूला टाकतात आपल्याला. जनावरासारखं गोठ्याशेजारी.”

त्यांनी गोटे ओंजळीत गोळा केले.

“गाय चांगली शेजारीण आहे गं,” त्या म्हणाल्या. “हाक मारत नाही.”

मला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. अडाणीपणा, असं मी मनात म्हटलं.

पण खरं सांगायचं तर मला काळजीही वाटली होती. वहिनी पंचेचाळिशीच्या. डोळ्यांखाली काळं, नखं पांढरी फटक. त्या वयाच्या बाईला दर बारा-पंधरा दिवसांनी पाळी येणं हे चांगलं लक्षण नाही, एवढं मला वाचून माहीत होतं. माझ्या मावशीचं असंच झालं होतं आणि दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा काळजी होती, ती खोटी नव्हती. पण तिच्याखाली चाळीस पानांचा वैतागही होता, आणि दोन्हींतलं जास्त कुठलं होतं हे मी इतक्या वर्षांत ठरवू शकलेले नाही.

मी श्रीपादना कॅलेंडर दाखवलं. वहिनींच्या दिवसांवर मी पेन्सिलीनं बारीक टिंबं केली होती.

“हे बघा. चार महिन्यांत आठ वेळा. त्यांना डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं.”

ते लाजले आणि घाबरलेही. त्यांनी दादांच्या कानावर घातलं. दादा माझ्याशी थेट बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं ते भिंतीकडे बघून नाहीतर माईंना मध्ये घालून. त्या दिवशी मात्र ते ओसरीवर आले आणि माईंच्या खाटेपाशी उभे राहून म्हणाले, “आई, धाकट्या सूनबाई म्हणतात ते खरं का? द्वारकेला काही दुखणं आहे?”

माई तुळशीच्या मण्यांची माळ ओढत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

“बाईच्या जातीला काही ना काही असतंच,” त्या म्हणाल्या. “त्यात पुरुषांनी लक्ष घालायचं नसतं.”

“नाही माई,” मी म्हटलं, “हे अंगावर काढण्यासारखं नाही. उशीर झाला तर जिवावर बेतेल.”

माईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसरा अगदी लख्ख. “तू तिला विचारलंस?”

“त्यांना विचारून काय? त्या म्हणणार मला काही झालं नाही.”

“मग तसंच असेल,” माई म्हणाल्या.

पण दादांचा चेहरा उतरला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुढच्या सोमवारच्या दोन पूजा दुसऱ्या गुरुजींना दिल्या. आमच्या घरात तोवर असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी आम्ही तिघं एस.टी.नं मिरजेला निघालो. दादा पुढे ड्रायव्हरच्या मागे, मी आणि वहिनी मधल्या बाकावर. वहिनींनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. गाडी गावाबाहेर पडली.

“कुंदा, परत फिरू या का?” त्या हळूच म्हणाल्या.

“घाबरता कशाला? तपासतील फक्त.”

“मला काही झालेलं नाही गं.”

“ते डॉक्टरीणबाई सांगतील ना.”

“अगं, पण मी सांगतेय ना तुला, मला काही झालेलं नाही. खरंच काही होत नाही मला.” त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता. “तू ह्यांना सांग, आता थांबलंय म्हणून. तू शिकलेली, तुझं ऐकतील.”

मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि आमच्या मावशीची गोष्ट सांगायला लागले. सगळी, सविस्तर, दुखणं कसं लपवलं आणि शेवटी काय झालं ते. वहिनी खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिल्या. त्या मला जे सांगत होत्या ते अगदी सरळ शब्दांत सांगत होत्या. ऐकायला मी मोकळी नव्हते, मला त्यांचा जीव वाचवायचा होता.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. वहिनी आत वीस-पंचवीस मिनिटं होत्या. बाहेर दादा उपरण्याची गाठ सोडत होते, बांधत होते. मग दार उघडलं आणि बाईंनी दादांनाच बोलावलं, त्यांच्यापाठोपाठ मीही आत घुसले. वहिनी तपासायच्या टेबलाच्या कडेला बसल्या होत्या, मान खाली घालून.

“काळजीचं काही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “यांची पाळी बंद होऊन दीड वर्ष होऊन गेलंय. जरा लवकर गेली, एवढंच. यांनीच सांगितलं मला. मग आणलंत कशाला?”

दादांना कळलं नाही. “दीड वर्ष?”

“हो. रक्त मात्र फार कमी आहे. पायांवर सूज आहे. अशक्तपणा खूप. यांना विश्रांती द्या. महिन्यातून चार-आठ दिवस तरी पूर्ण विश्रांती हवी. आणि ही गोळी आणि बाटली लिहून देते.”

माझे कान तापले. दीड वर्ष. म्हणजे मी घरात यायच्याही आधीपासून. म्हणजे प्रत्येक वेळी मागच्या दारात उभं राहून, ‘मी बाजूला झाले गं’. मला आधी आला तो राग. मला यांनी राबवलं, मी धुरात डोळे फोडले आणि या सागरगोटे खेळत होत्या! वहिनींनी वर पाहिलं, दादांकडे नाही, माझ्याकडे. त्या नजरेत विनवणी असती तर मी समजू शकले असते. तिथे काहीच नव्हतं. चेहरा पुन्हा पुसलेल्या पाटीसारखा झाला होता.

दादा ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. बाहेर आल्यावर ते चक्क हसले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

“कुंदा, तुझे उपकार झाले बाई.” मग वहिनींकडे वळून म्हणाले, “आणि तू गं! झोपेसाठी एवढं सोंग? मला सांगायचंस की. आता बरं झालं, आता तू कायमची सोवळ्यातली. देवाचीच कृपा म्हणायची. महिन्याचे तीसही दिवस स्वयंपाकाची अडचण उरली नाही.”

त्यांनी दुकानातून टॉनिकच्या दोन बाटल्या घेतल्या. मोठ्या घेतल्या. गाडीत वहिनींच्या मांडीवर त्या बाटल्या होत्या आणि खड्डा आला की एकमेकींवर आपटून वाजायच्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या विश्रांतीचं नाव कुणीच काढलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर दादांनी माईंना सगळं हसत हसत सांगितलं. चार दिवसांनी पडवीत जेवणाऱ्या यजमानांनाही सांगितलं, नाव न घेता, ‘आमच्या ओळखीच्या एका घरी’ म्हणून. पानं वाढताना वहिनी ते ऐकत होत्या. त्यांनी आमटीचा पळा वाकवला आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

माईंनी मला एकटीला गाठलं. मी त्यांच्या कमरेला तेल चोळत होते.

“झालं मनासारखं?” त्या म्हणाल्या.

“माई, मला काय माहीत...”

“मला का मोजता येत नव्हतं?” त्या म्हणाल्या. “दीड वर्ष मी या खाटेवर बसून आहे. दोरीवरचे कपडे मला दिसत नाहीत, असं वाटलं तुला? आधी महिन्यातून एकदाच बसायची. तू आलीस तसा तिला धीर आला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? खोटं बोलून देवाला शिवली असती तर गोष्ट वेगळी. ही न शिवता बसत होती. देवाचं काय गेलं त्यात?” त्यांनी कूस बदलली. “जोरात चोळ जरा. हात आहेत का कापूस?”

त्या दिवसापासून पाच महिने वहिनी एकही दिवस बसल्या नाहीत. दादांनी सात-सात दिवसांची अनुष्ठानं घ्यायला सुरुवात केली, कारण आता स्वयंपाकाची हमी होती. माझे दिवस आले की मी मात्र त्याच खोलीत. ‘मी नाही बसणार,’ असं मी श्रीपादना सांगून पाहिलं, पण सोवळ्याच्या घरात ते कोण ऐकणार? घोंगडीवर पडून मला सगळं ऐकू यायचं. पाट्यावरचा वरवंटा, विहिरीवरची कळशी, ‘द्वारके, पाणी’, ‘द्वारके, ताटं’. सागरगोटे कोनाड्यात तसेच पडलेले. मी त्यांना हात लावला नाही.

एकदा दुपारी मी त्यांच्या हातातलं भांडं ओढून घेतलं. “वहिनी, घटकाभर पडा. मी घासते.”

“काय सांगून पडू?” त्यांनी विचारलं.

“सांगायचं काय त्यात? दमलात म्हणून.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी परक्या भाषेत बोलल्यासारख्या. मग भांडं माझ्या हातातून परत घेतलं. राग नव्हता त्यात. त्या माझ्यावर कधी रागावल्याच नाहीत. जायफळ किती, मीठ किती, पूर्वीसारखंच सगळं सांगायच्या. वडिलांची पोस्टकार्डं आता पदरात आठ-आठ दिवस राहायची आणि तिथेच चुरगळून जायची. वाचायला बसणार कधी?

फाल्गुनात एक सात दिवसांचं अनुष्ठान होतं. रोज पस्तीस पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पोस्टमन आला. मी दारात रांगोळी नीट करत होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं. दादांनी कार्ड हातात घेतलं. वर ‘श्री’ नव्हता. अशुभाच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत आणि ते वाचून घरात नेत नाहीत. दादांनी उभ्या उभ्या वाचलं, फाडलं आणि तुकडे अंगणाबाहेर टाकले. मग स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले.

“द्वारका,” ते म्हणाले. आवाज मऊ होता. “देवरुखचे गेले. गेल्या मंगळवारी. झोपेतच. तुझ्या भावाचं पत्र आहे. चुलीपासून बाजूला हो, आंघोळ कर.”

वहिनी खोबऱ्याची चटणी वाटत होत्या. वरवंटा थांबला.

दादांनी पंचांग काढलं, बोटानं ओळी चाळल्या. “लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस,” ते माईंना म्हणाले. “आज, उद्या, परवा. गुरुवारी शुद्ध होईल. घराला काही नाही, फक्त हिला. ऐन अनुष्ठानात आलं, पण इलाज नाही. धाकट्या सूनबाईंना जमेल ना?”

मी वहिनींचा चेहरा पाहत होते. ‘तीन दिवस’ हे शब्द आले आणि त्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. क्षणभरच. मी ते ओळखलं, कारण मागच्या दारात तो चेहरा मी कितीदा पाहिला होता. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्या विहिरीकडे गेल्या.

त्या रडल्या नाहीत. गल्लीतल्या बायका भेटायला आल्या, लांब बसून हळहळल्या, तरी वहिनी रडल्या नाहीत. दुपारी मी ताट घेऊन गेले तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. संध्याकाळीही झोपलेल्या. दुसऱ्या दिवशी ताट तसंच, वहिनी झोपलेल्या. तोंड किंचित उघडं, एक हात घोंगडीबाहेर पडलेला. बायका माईंना म्हणाल्या, “काय बाई दगडाचं काळीज! बाप गेला आणि ही घोरतेय.” माईंनी त्यांना बोलू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या जाग्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, पोस्टकार्डांचा गठ्ठा मांडीवर. मी ताट सरकवलं आणि उंबऱ्याशी बसले.

“कुंदा,” त्या म्हणाल्या, “तुला एक सांगू? कुणाजवळ बोलू नकोस.”

“नाही बोलणार.”

“हे दारात आले आणि म्हणाले, देवरुखचे गेले. मला ऐकू आलं. कळलंही. बाबा गेले. पण मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? लग्न झालेल्या मुलीला किती दिवस असतात, हे आलं. हे पंचांग चाळेपर्यंत मी श्वास रोखून उभी होते. बातमी उशिरा आली म्हणून दीडच दिवस निघेल की काय, असं वाटत होतं. तीन म्हणाले, आणि मला बरं वाटलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं वाटलं गं मला. बाबा गेले तेव्हा.”

मी पाण्याचा तांब्या आत सरकवला.

“मग वाटलं, खोलीत जाऊन रडेन. खोलीत आले आणि डोळा लागला. उठले की पुन्हा रडायचं ठरवायची, पुन्हा डोळा लागायचा. आज झोप पुरी झाली, तर आज तिसरा दिवस.” त्यांनी वरचं कार्ड उलटं केलं, त्या शेवटच्या ओळीवरून अंगठा फिरवला. “जरा बसत जा, जरा बसत जा. बसवलं शेवटी त्यांनी.”

“वहिनी, माझं चुकलं,” मी म्हटलं. “मी मोजायला नको होतं.”

“मोजलंस ते मोजलंस,” त्या म्हणाल्या. “पूर्वी मी खोटं बोलून बसायची. त्यात कुणाचा जीव जात नव्हता.”

त्या हे दूषण देऊन बोलल्या नाहीत. पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेताना बोलल्या. मी तिथेच, उंबऱ्यावर, हुंदके देऊन रडले, आणि त्यांच्या वडिलांसाठी जे रडायचं होतं ते त्या घरात मीच रडले असं मला आजही वाटतं. त्या मला शिवू शकत नव्हत्या. लांबूनच म्हणाल्या, “ऊठ आता. पस्तीस पानं आहेत.”

गुरुवारी मी पहाटे चारला उठले. वहिनींनी आणखी एक दिवस तिथेच राहावं, दादांना काय सांगायचं ते माझं मी बघेन, वाटेल ते खोटं सांगेन, असं ठरवून स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती. वहिनी ओल्या केसांचा अंबाडा घालून भात धूत होत्या.

“जायफळ कुठे ठेवलंस?” त्यांनी विचारलं.

पुढच्या वर्षी मला सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं. निघताना मी वहिनींना म्हटलं, चार दिवस या, नुसत्या बसायला या. त्या हो म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्या दोनदा आल्या, दोन्ही वेळा मुंजीला, आणि दोन्ही वेळा माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

त्या गेल्या तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. फोन दुपारी आला. चुलीपाशीच बसल्या बसल्या कलंडल्या, म्हणाले. एका कुळातल्या म्हणून आम्हाला सुतक दहा दिवसांचं. मी आयुष्यात कधी काही पाळलं नव्हतं. शाळेतल्या बायका मला त्यावरून नावं ठेवायच्या. माझा मुलगा म्हणाला, “आई, हल्ली तीन दिवस पाळतात. आणि तू तर यातलं काही मानत नाहीस.”

“दहा पाळायचे,” मी म्हटलं.

रजा टाकली. सून म्हणाली, आई, तुम्ही काही करू नका, पडा निवांत. तिनं पलंग घालून दिला, खिडकीचे पडदे ओढले, दार लोटून घेतलं. घरात आवाज नाही, कुणाची हाक नाही, दुपार अख्खी मोकळी. दहा दिवस वहिनींनी मला दिले होते. मी ते सगळे भिंतीला टेकून बसून काढले आणि एकाही दुपारी मला डोळा मिटता आला नाही.